वेठीपासून करारापर्यंत : मजूरमंत्री बाबासाहेब

१ ऑगस्ट हा दिवस आपण अण्णाभाऊ साठे यांची जयंती म्हणून साजरा करतो. याच तारखेला, १९४६ साली, कारखाना कायद्यातील एक दुरुस्ती देशात लागू झाली. बारमाही कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला आणि हंगामी कारखान्यातील आठवडा ६० तासांवरून ५० तासांवर. कापसाचे जिनिंग-प्रेसिंग हंगामी कारखान्यांत मोडत असे. म्हणजे खामगाव, मलकापूर, शेगाव, नांदुरा या पट्ट्यात रेच्यावर कापूस टाकणाऱ्या बाया आणि गठाणी उचलणारे मजूर यांच्या डोक्यावरचे आठवड्याला दहा तास कायद्याने उतरले. त्या वर्षीचा कापूस बाजारात यायला अजून दोन-तीन महिने होते.

ही दुरुस्ती दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात आणणारे मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कायदा लागू झाला तेव्हा ते त्या खुर्चीवर नव्हते. काही आठवड्यांपूर्वीच त्यांचे पद संपले होते.

संविधान, महाड, पुणे करार, नागपूरची धम्मदीक्षा हे आपल्या तरुणांना तोंडपाठ असते. कामगारांसाठी बाबासाहेबांनी काय केले, हे मात्र भाषणात एका वाक्यात आटोपते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील किती तरी बौद्ध तरुण आज ठेकेदाराकडे कामाला आहेत. कुणी खामगाव-मलकापूरच्या एमआयडीसीत, कुणी वाळूज-चाकणला, कुणी बांधकामावर, तर मेहकर-लोणार-सिंदखेडराजाकडची कुटुंबे ऊसतोडीला. त्यांच्यासाठी बाबासाहेबांच्या आयुष्याचा हा भाग सर्वांत कामाचा आहे.

वेठीला तास नसतात

बाबासाहेब ज्या समाजात जन्मले, त्या समाजाचे काम काय होते ते आधी पाहू. मुंबई इलाख्यात महारकी हे वतन होते. सरकारी टपाल पोचवणे, सामान वाहून नेणे, गावात वर्दी देणे, मेलेले ढोर ओढणे ही कामे वतनदार महाराने करायची. वेळ ठरलेली नाही. रात्री बोलावले तरी जायचे. घरचा कर्ता माणूस हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. मोबदला म्हणजे इनामी जमिनीचा तुकडा आणि गावकऱ्यांकडून मिळेल ते बलुते. ते बलुते मागितल्यावर मिळायचे, आणि गाव रागावले की बंद व्हायचे.

म्हणजे या कामाला तास नव्हते, ठरलेली मजुरी नव्हती, लिहिलेला नियम नव्हता, सोडून जाण्याची मुभा नव्हती. काम कोणते करायचे हेही जातीने ठरवलेले. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही. पण त्यांनी पुढे केलेला प्रत्येक कामगार कायदा पाहा. वेठीत जे जे नव्हते ते ते त्यात एक-एक करून येत गेले. तास आले, मजुरी आली, लेखी नियम आले, संघटना आली.

नोकरीतला माणूस

बाबासाहेब स्वतः नोकर म्हणूनही पोळले होते. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा तरुण १९१७ मध्ये बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाला. हाताखालचे शिपाई फायली लांबून टेबलावर टाकत. शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीतील माठातले पाणी त्यांनी घेण्यावर काही सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. पदवी आणि पगार मिळाला तरी कामाच्या जागी जात सुटत नाही, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

त्याच काळात ते परळच्या इम्प्रुव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहत होते. पुढे १९३४ च्या सुमारास दादरच्या राजगृहात जाईपर्यंत त्यांचा पत्ता हाच होता. भोवती गिरण्यांची वस्ती. पहाटेचा भोंगा, पाळीवरून परतणारी माणसे, पठाणी व्याजाचे कर्ज, एका खोलीत दोन-तीन कुटुंबे. पुढे कामगार कायद्यावर बोलताना त्यांच्याजवळ आकडे असत, तसा हा शेजारही असे.

गिरणीतील विणखाते आणि बाळंतपणाची रजा

१९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत प्रचंड संप झाला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. बाबासाहेबांनी तेव्हा एक अडचणीचा प्रश्न पुढे ठेवला. गिरणीत चांगली मजुरी विणखात्यात मिळते, पण तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नाहीत. कारण सांगितले जाई ते असे : धोट्यात धागा ओवताना तो तोंडाने ओढावा लागतो, त्यामुळे सवर्ण कामगाराला विटाळ होतो. हा नियम मालकाने केलेला नव्हता. सोबत काम करणाऱ्या, सोबत संपावर असलेल्या कामगारांनीच तो चालवला होता. संपाच्या मागण्यांत अस्पृश्यांना विणखाते खुले करण्याची मागणी असली पाहिजे, असा बाबासाहेबांनी आग्रह धरला. कम्युनिस्ट पुढाऱ्यांशी त्यांचे बिनसले ते यासारख्या प्रश्नांवरून. १९२९ च्या संपाला तर त्यांनी उघड विरोध केला. लांबलेल्या संपात सर्वांत आधी उपाशी पडतो तो तळाचा माणूस, हे ते जवळून पाहत होते.

त्याच वर्षी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई कायदेमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभाचे विधेयक चर्चेला आले. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. त्यांचा मुद्दा सरळ होता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, म्हणून हा भार सरकारने उचलावा. पण बाईच्या कामातून नफा मालकाला होतो, त्यामुळे तोही या खर्चातून सुटू शकत नाही. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात हा कायदा झाला आणि १९३० मध्ये मध्यप्रांतातही प्रसूती लाभाचा कायदा आला. मालकावर जबाबदारी का टाकायची, याचे उत्तर बाबासाहेबांनी त्या भाषणात दिले आणि पुढे मंत्री झाल्यावरही ते त्याच पायावर उभे राहिले.

स्वतंत्र मजूर पक्ष, मनमाड आणि ७ नोव्हेंबर

१५ ऑगस्ट १९३६ रोजी बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. नावात जात नव्हती, मजूर होता. १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कायदेमंडळावर नेला.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. आपल्या जिल्ह्यातील मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्थानके याच रेल्वेच्या मार्गावर आहेत. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागायचा आणि गँगमन म्हणूनच निवृत्त व्हायचा. त्याला साधा पोर्टर म्हणूनही घेत नसत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरचीही कामे करून घेई आणि अस्पृश्याचा हात घरात चालत नसे. या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, आणि ती कुठल्याही जातीत असू शकते, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केले. विणखात्याचा दरवाजा अडवणारा कामगार आठवला की याचा अर्थ कळतो.

त्याच वर्षी मुंबईच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले. तडजोडीची लांबलचक प्रक्रिया पूर्ण होण्याआधी केलेला संप बेकायदा ठरणार होता आणि त्यासाठी तुरुंगवासाची तरतूद होती. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३८ मध्ये सभागृहात याला कडाडून विरोध केला. काम सोडणे हा फार तर कराराचा भंग होईल, त्याला गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला इच्छेविरुद्ध कामाला जुंपणे, आणि ती गुलामगिरी आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. दहा वर्षांपूर्वी बिनसलेली माणसे एका व्यासपीठावर आली. पोलिसांनी गोळीबार केला. विधेयक तरीही मंजूर झाले. पण लढ्याचे मित्र प्रश्नानुसार ठरवायचे, हा धडा बाबासाहेबांनी घालून दिला.

दिल्लीतील चार वर्षे

जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची परिषद झाली आणि त्याच महिन्यात बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचा कारभार हाती घेतला. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली त्रिपक्षीय कामगार परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी एका टेबलावर बसले. वेठबिगाराला मालकासमोर खाली बसावे लागे, तिथे आता बरोबरीच्या खुर्चीवर बसून वाटाघाटी होणार होत्या.

डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला गेले आणि कोळशाच्या खाणीत उतरले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. घर, पाणी, दवाखाना यांसाठी कोळशावर उपकर बसला.

याच काळातील एक कठीण निर्णयही सांगितला पाहिजे. युद्धात कोळसा कमी पडू लागल्याने ऑगस्ट १९४३ पासून स्त्रियांना खाणीत जमिनीखाली काम करण्यावरची बंदी उठवण्यात आली. यावर सभागृहात टीका झाली. युद्धापुरता हा निर्णय आहे आणि स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी देण्याची अट घातली आहे, अशी बाजू बाबासाहेबांनी मांडली. फेब्रुवारी १९४६ पासून ही बंदी पुन्हा लागू झाली. महापुरुषाचे चरित्र वाचताना असे प्रसंग गाळायचे नसतात.

१९४३ मध्येच केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवले गेले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. पगाराच्या चिठ्ठीवर ‘ईएसआय’ म्हणून जी कपात दिसते तिचे मूळ इथे आहे.

१९४५ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यातील कामगाराला वर्षभर काम केल्यावर दहा दिवसांची पगारी रजा मिळाली. १९४६ मध्ये स्थायी आदेशांचा कायदा झाला. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने कामाच्या वेळा, पाळ्या, पगाराचा दिवस, रजा, गैरवर्तन म्हणजे काय, कामावरून काढताना कोणती पद्धत पाळायची हे सगळे लेखी करून मंजूर करून घ्यायचे आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत प्रवेशद्वाराजवळ फलकावर लावायचे. ज्या समाजाला शतकानुशतके नियम विचारण्याचीही सोय नव्हती, त्या समाजातील मंत्र्याने मालकाला नियम भिंतीवर लावायला भाग पाडले.

११ एप्रिल १९४६ रोजी त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. ते १९४८ मध्ये कायदा झाले. जिथे संघटना उभी राहणे कठीण, अशी कामे त्याच्या यादीत होती : शेतमजुरी, डाळ मिल, तेल गिरणी, विडी, रस्ते आणि इमारतीची कामे. आपल्या जिल्ह्यातील मजुरीची निम्मी-अधिक कामे या यादीत बसतात. कामगार संघटनेला मालकाने मान्यता दिलीच पाहिजे, असे विधेयकही त्यांनी नोव्हेंबर १९४३ मध्ये आणले होते. त्यावरून १९४७ मध्ये कायदा झाला खरा, पण तो कधी अमलातच आणला गेला नाही.

चौदा तासांचे आठ तास?

१४ एप्रिल आणि १ मेला फिरणाऱ्या पोस्टरवर असते की बाबासाहेबांनी चौदा तासांचा दिवस एका फटक्यात आठ तासांचा केला. खरा प्रवास वेगळा आहे. १९२२ च्या कायद्याने कारखान्यात दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तासांची मर्यादा घातली होती. १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी ती १० आणि ५४ झाली. १९४६ मध्ये बाबासाहेबांच्या दुरुस्तीने ती ९ आणि ४८ झाली. ४८ तास सहा दिवसांत वाटले की आठ तास येतात.

खरा आकडा सांगितल्याने बाबासाहेबांचे मोठेपण कमी होत नाही, आणि विरोधकाला आपली खिल्ली उडवण्याची संधीही मिळत नाही. जिनिंग कामगाराला मिळालेले ५० तास हे बारमाही कामगाराच्या ४८ पेक्षा जास्तच होते, आणि १९४५ ची पगारी रजा हंगामी कारखान्यांपर्यंत पोचली नाही, हेही त्याच कायद्यात दिसते. हंगामी आणि कंत्राटी माणूस कायद्याच्या काठावर राहतो, हे तेव्हाही होते.

संविधान आणि सम्यक आजीविका

मंत्रिपद गेले तरी काम थांबले नाही. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला बंदी घातली आणि तिचा भंग हा गुन्हा ठरवला. अनुच्छेद २४ ने कारखाने, खाणी आणि धोक्याच्या कामांतून १४ वर्षांखालील मुलांना बाहेर काढले. अनुच्छेद १९ ने संघटना करण्याचा हक्क दिला. ३९ मध्ये समान कामाला समान वेतन, ४२ मध्ये माणुसकीची कामाची स्थिती आणि प्रसूती साहाय्य, ४३ मध्ये निर्वाहापुरते वेतन आले. १९२८ च्या मुंबईतील भाषणापासून ४२ व्या अनुच्छेदापर्यंत एक सरळ रेघ काढता येते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी आपल्याला धम्म दिला. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची नोकराप्रति पाच कर्तव्ये सांगितली आहेत : ताकद पाहून काम देणे, जेवण आणि वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, चांगलेचुंगले वाटून खाणे आणि वेळेवर सुट्टी देणे. नोकरानेही दिले तेवढेच घ्यावे आणि काम नीट करावे, हेही तिथेच आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी हा शीलाचा भाग होता. मालक शीलवान नसेल तर काय, या प्रश्नाला बाबासाहेबांच्या कायद्यांनी उत्तर दिले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आज काय पणाला लागले आहे

२१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुन्या कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत. १९४६ चा स्थायी आदेश कायदा आणि १९४८ चा किमान वेतन कायदा त्यांतच विलीन झाले. काही गोष्टी कामगाराच्या बाजूच्या आहेत. प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे बंधनकारक आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत झाला पाहिजे. कामावरून काढले तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता झाला पाहिजे. जादा कामाला दुप्पट दर आहे.

काही गोष्टी मात्र हातून निसटल्या आहेत. स्थायी आदेशांची सक्ती आता ३०० कामगारांपासून सुरू होते; बाबासाहेबांनी ती १०० वर ठेवली होती. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक कारखान्यांत तीनशे माणसे नसतात. संपाआधी १४ दिवसांची नोटीस आता सर्वच औद्योगिक आस्थापनांत द्यावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे. हा ४८ चा आकडा १९४६ चा आहे, आणि तो कुणाकडे मागायचा हे माहीत नसेल तर तो कागदावरच राहील.

म्हणून येत्या १४ एप्रिलला मिरवणुकीच्या तयारीसोबत प्रत्येक विहारात एक रविवार कामगार हक्कांसाठी ठेवू या. वस्तीतील कामावर जाणाऱ्या प्रत्येकाला तीन गोष्टी विचारू या : नियुक्तीपत्र आहे का, पगाराची चिठ्ठी मिळते का, पीएफ आणि ईएसआयचा क्रमांक माहीत आहे का. बांधकामावरच्या माणसाची, वर्षात ९० दिवस काम झाले असेल तर, इमारत व बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून देऊ या. हजेरी आणि मिळालेली रक्कम रोज वहीत लिहायची सवय लावू या, कारण तक्रार करताना तोच पुरावा असतो. मजुरी अडली तर बुलढाण्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच घेऊ या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदत मागता येते. आणि विहारात त्या रविवारी येणाऱ्यांत शेजारच्या वस्तीतील मातंग, चर्मकार, मुस्लीम, आदिवासी, कुणबी मजूरही असावेत. स्वतंत्र मजूर पक्षाच्या नावात मजूर हा शब्द होता, हे आपण विसरू नये.

जयभीम.